बाळांचा फ्लोट बनवायला निघाले आणि १,७१,६९० रुपये गेले: ‘डिझाइन ते आयएसआय, सगळं करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आधी आकडे सांगते. डिझाइनचे ३५,०००. साच्याचे ६२,५००. टेस्टिंग आणि सर्टिफिकेटचे ४८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून २६,१९०. एकूण १,७१,६९० रुपये. त्या बदल्यात हातात आली गळ्यात घालायची हवेची एक रिंग, जी ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते, आणि एक पीडीएफ.

मी कोल्हापूरजवळ राहते. घरीच झबली, टोपडी, दुपटी शिवून विकते. ठाण्यात बहिणीच्या सोसायटीत लहान बाळांचे पाण्यातले क्लास सुरू झाले, तेव्हा तिथल्या आया बाळांना गळ्यातल्या रिंगा घालून पाण्यात सोडताना पाहिल्या आणि पोटात गोळा आला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २०२२ च्या जूनमध्ये या रिंगांबद्दल इशारा दिलाय. विशेषतः डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळांना त्या वापरूच नका, असं सांगितलंय. तिकडे एक बाळ दगावलं होतं. आपल्याकडे त्या सर्रास विकल्या जातात.

म्हणून मी स्वतःच फ्लोट बनवायचं ठरवलं. मला हवेची रिंग नको होती, फोमचं जॅकेट हवं होतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड. त्यामुळे पाण्यात ते तोंडावर पालथं व्हायला वेळ लागत नाही. फोमचा भार छातीवर आणि डोक्यामागे ठेवला तर बाळ उताणं राहायला मदत होते. फोम पाणी न पिणारा, बंद पेशींचा. डोक्यामागच्या उशीला वरून धरून उचलता येईल असा पट्टा. आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा तर हवाच, कारण तो नसला की जॅकेट वर सरकतं आणि बाळ खालून निसटतं. काखेत शिवण येऊ द्यायची नाही, ओल्या कातडीला ती काचते. हे सगळं मी वहीत मापांसकट काढून दिलं होतं.

‘सगळं करून देतो’ म्हणणारा माणूस भेटला महिला उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शुद्ध मराठी, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. भिवंडीचा पत्ता, कारखान्याचा व्हिडिओ. पुढचं नेहमीचंच. आधी अॅडव्हान्स, मग ‘साचा मशीनवर चढलाय, आता थांबवता येत नाही’, मग सर्टिफिकेट. ते सगळं उगाळत बसत नाही.

मला रात्री झोप लागत नाही ती त्या टेस्ट रिपोर्टमुळे. मी अंतिम चित्र पाठवलं २ एप्रिलला. रिपोर्टवर तारीख होती ११ मार्च. जी वस्तू कागदावरसुद्धा पूर्ण झाली नव्हती, ती प्रयोगशाळेत पास झाली होती! फोटो होता एका केशरी जॅकेटचा, मोठ्या माणसाच्या मापाचं, पायांमधला पट्टाच नाही. मी ते पाहिलं. विचारलंसुद्धा. उत्तर आलं, ‘ताई, तो बेस मॉडेलचा रिपोर्ट आहे, तुमचं मॉडेल त्याला जोडून घ्यायचं असतं, सगळे असंच करतात.’ आणि त्याच संध्याकाळी मी शेवटचे ४८,००० आणि जीएसटीचे पैसे एनईएफटी केले. ती तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. अजून आहे.

‘शिकलेली असून कशी फसलीस?’ असं विचारणाऱ्यांना सांगते: मला शिवण कळते, माप कळतं, कापड कळतं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मी जन्मात पाहिला नव्हता. जिने कधी रिपोर्ट पाहिला नाही तिला खोटा कसा ओळखू येणार? त्याला भाषा येत होती, मला येत नव्हती. एवढ्यावरच त्याचा धंदा चालतो.

नंतर ‘सॅम्पल’ आलं. वहीतल्या जॅकेटऐवजी तीच गळ्यातली रिंग. एका बाजूला थिनरचा वास, आणि उजेडात तिरकं धरलं की पुसलेल्या इंग्रजी अक्षरांचे ओरखडे दिसत होते. त्यावर माझ्या ब्रँडचा स्टिकर. मी चिंध्यांची बाहुली शिवली, पोटात आणि डोक्यात वाळूच्या पिशव्या भरल्या, वजन सहा किलोच्या आसपास नेलं आणि न्हाणीघरातल्या मोठ्या टबात रिंग घालून सोडली. थोडी हवा कमी केली, बस. हनुवटी आत गेली आणि बाहुली रिंगेतून सरळ खाली. आवाजसुद्धा झाला नाही. बाळ बुडताना ओरडत नाही हे लक्षात ठेवा, आणि फ्लोट कुठलाही असो, बाळापासून हाताच्या अंतरापलीकडे जाऊ नका.

आणखी एक गोष्ट मला पैसे गेल्यावर कळली. त्याने मला ‘आयएस ९८७३’ चं नाव सांगितलं होतं. ते खेळण्यांचं मानक आहे. बाळाला तरंगत ठेवण्याचं काम करणारी वस्तू खेळणं नसतेच. युरोपात पोहायला शिकवणाऱ्या साधनांना ईएन १३१३८ हे वेगळं मानक आहे, आणि खेळण्यांच्या नियमांतून ही साधनं वगळलेली आहेत. पाण्यातल्या खेळण्यावर तिकडे इशारा छापावा लागतो की मुलाचे पाय टेकतील एवढ्याच पाण्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरा. ज्या बाळाला उभंच राहता येत नाही त्याचे पाय कुठे टेकणार? म्हणजे रिपोर्ट खरा असता तरी माझ्या कामाचा नव्हता.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोचपावतीचा नंबर मिळाला, तेवढंच. पैसे त्याच्या खात्यातून आधीच काढलेले. हा नंबर पहिल्या काही तासांत फिरवला तर उपयोगाची शक्यता जास्त, नंतर ती कमी होत जाते. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, ‘तुम्ही स्वतः पाठवले ना? मग हा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर, कोर्टात जा.’ सायबरवाले म्हणाले, ओटीपी कुणी चोरला नाही, लिंक नाही, स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाणं म्हणालं, खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे जा. एका साहेबांनी वहीतलं चित्र बघून विचारलं, ‘हे असलं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ माझे पैसे गेले होते, आणि उलटतपासणी माझीच चालली होती. बँकेत सांगितलं, ग्राहकाने स्वतः केलेल्या ट्रान्सफरला आम्ही काही करू शकत नाही. खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हाच नाही तर पत्र कसलं. एका वकिलांनी ग्राहक आयोगातही जाऊ नका म्हणून सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय म्हणून. मग मी कायदा स्वतः वाचला. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असं २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. गुन्ह्याचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ठाण्याने नोंदवायला नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे मला ठाण्यातल्या एकानेही सांगितलं नाही. अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. पोच आली आहे, उत्तर नाही.

कुणी ‘आयएसआय काढून देतो’ म्हणाला की तिथेच थांबा. तो परवाना वस्तू बनवणाऱ्या कारखान्याला मिळतो, एजंटाला नाही. चिन्हाबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाका, कुणाचा परवाना ते समोर येतं. मला दिलेल्या नंबरवर काहीच आलं नाही. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. पत्ता भिवंडीचा आणि बिलावर २४, म्हणजे गुजरात. हे जीएसटीच्या पोर्टलवर फुकटात तपासता येतं. प्रयोगशाळेला फोन करताना रिपोर्टवर छापलेला नंबर लावू नका, तो त्याच माणसाचा असू शकतो. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या यादीतून लॅब शोधा, तिथला नंबर लावा, रिपोर्ट क्रमांक वाचून दाखवा. साच्याचे पैसे साचा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देऊ नका. व्हिडिओ कुणाच्याही कारखान्याचा असू शकतो.

आणि ज्या आया ऑनलाइन फ्लोट घेतात, त्यांनी ‘सर्टिफाइड’ या शब्दावर जाऊ नये. कसलं सर्टिफिकेट, कुठलं मानक, कुणाचा परवाना, हे विक्रेत्याला लेखी विचारा. माझ्या नावाचा स्टिकर लावून त्याने ती रिंग पाठवली होती. ती मी बाजारात नेली असती, तर टबातल्या बाहुलीच्या जागी कुणाचं तरी मूल असतं. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे.

त्याचा जुना नंबर बंद आहे, पण तोच कारखान्याचा व्हिडिओ दुसऱ्या नावाने ग्रुपांमध्ये फिरतोय. केशरी जॅकेटचा फोटो असलेला रिपोर्ट तुमच्याकडे आला असेल तर पुढचा एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर चॅट डिलीट न करता बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, बिल आणि रिपोर्ट घेऊन आजच लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.