१९१७ची डीडब्ल्यूएम लूगर: काही महिने बाळगल्यानंतरचा अनुभव

पिस्तूल लूगर पी०८, पहिल्या महायुद्धातलं जर्मन सैन्याचं, बर्लिनच्या डीडब्ल्यूएम (डॉइचे वाफेन उंड म्युनिशन्सफाब्रिकेन) कारखान्यातलं. कॅलिबर ९ मिमी पॅराबेलम, नळी १०० मिमी, चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) १९१७, टॉगलच्या, म्हणजे वरच्या गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याच्या, पुढच्या दुव्यावर डीडब्ल्यूएमची वळणदार अक्षरं. गेले काही महिने ते अमेरिकेतल्या एका संग्रहात आहे. बऱ्याचदा पूर्ण उघडून झालं, थोडं रेंजवरही चाललं.

एक गोष्ट आधीच सांगतो. लूगरच्या बाजारात ‘ऑल मॅचिंग’ (सगळ्या भागांवर एकाच पिस्तुलाचा नंबर) या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच होते. नंबर कोणीही ठोकू शकतो. जुना रंग, धारदार कडा आणि नंबर हे तिन्ही एकमेकांशी जुळतील असं बनवणं मात्र खोटं करणाऱ्यालाही परवडत नाही.

लष्करी लूगरचा सिरियल नंबर जास्तीत जास्त चार आकडी असतो, सोबत बहुतेक वेळा एक लहान वळणदार अक्षर. दरवर्षी मोजणी नव्याने सुरू व्हायची. त्यामुळे वर्ष आणि अक्षर वगळून नुसत्या नंबरला काही अर्थ नाही. पूर्ण नंबर फ्रेमच्या पुढच्या बाजूला, रिसीव्हरच्या (नळी बसवलेल्या वरच्या भागाच्या) डाव्या अंगाला आणि नळीच्या खाली. छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे: साइडप्लेट, टेकडाउन लिव्हर, ट्रिगर, सेफ्टी, सिअर बार (फायरिंग पिन अडवून धरणारी पट्टी), एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा), ब्रीचब्लॉक, टॉगलचे दोन्ही दुवे, होल्ड-ओपन (मॅगझिन रिकामं झाल्यावर टॉगल उघडा धरणारा भाग), फायरिंग पिन, आणि लाकडी ग्रिपच्या आतल्या बाजूला. विक्रेते वरून दिसणाऱ्या भागांचे फोटो हौसेने टाकतात. तुम्ही फायरिंग पिन, होल्ड-ओपन आणि ग्रिपच्या आतल्या बाजूचे मागा. टाळाटाळ झाली की समजायचं.

नळीच्या खाली नंबराजवळ ८,८२ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसेल. तो मिलिमीटरमध्ये नळीचा आतला व्यास आहे, दशांश चिन्ह जर्मन पद्धतीने स्वल्पविराम. नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यावर एक बारीक उभी रेघ असते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ती सरळ रेषेत नसेल तर नळी कधीतरी काढली किंवा बदलली गेली आहे.

आता रंग. १९१७च्या पिस्तुलाला रस्ट ब्लूइंग असतं, म्हणजे मुद्दाम गंज धरवून तयार केलेला निळा-काळा थर, आणि ते फक्त बाहेरून. साइडप्लेट काढून फ्रेमच्या आत पाहा, पोलाद पांढरं दिसलं पाहिजे. आतही निळं-काळं असेल तर अख्खी फ्रेम नंतर रसायनात बुडवली आहे. पुढे लूगर बनवणाऱ्या माउझर कंपनीने १९३७च्या सुमारास सॉल्ट ब्लूइंग (गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून दिलेला रंग) घेतलं, त्यामुळे त्यानंतरच्या पिस्तुलांना ही कसोटी लावू नका. डीडब्ल्यूएमच्या काळात ट्रिगर, सेफ्टी लिव्हर, टेकडाउन लिव्हर, मॅगझिनचं बटण आणि इजेक्टर हे भाग तापवून पिवळसर केलेले असत. संग्राहक याला ‘स्ट्रॉ’ म्हणतात. शंभर वर्षांनी हा रंग फिका, तपकिरी, बोट लागतं तिथे उडालेला असतो. सगळीकडे एकसारखा, चकचकीत पिवळा दिसला तर तो परवाचा आहे.

कडा बघायला दहापट भिंग आणि एका बाजूने पडणारा टॉर्चचा उजेड पुरतो. पुन्हा ब्लू करण्याआधी पॉलिश करावंच लागतं, आणि पॉलिशमध्ये पिनांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. टॉगलवरची अक्षरं आणि रिसीव्हरच्या उजव्या बाजूचे मुकुटाचे शिक्के पुसट होतात. नंबर घासून नवा ठोकला असेल तर त्या जागी उथळ खळगा दिसतो. युद्धकाळातल्या भागांवर हत्याराचे बारीक ओरखडे असतातच. ते दिसले तर आनंद माना, रीफिनिश करणारा तेच आधी घालवतो. रीब्लू झालेल्या पिस्तुलाची किंमत साधारण निम्म्यावर येते.

चेंबरवर १९१७च्या जोडीला १९२० असेल तर घाबरू नका. तो वायमार काळातला, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचा, मालकीचा शिक्का आहे, अस्सल आहे. उलट क्रीगहॉफ या दुसऱ्या, दुर्मिळ लूगर-उत्पादकाचं नाव किंवा एसएसची चिन्हं दिसली की पाकीट खिशात ठेवा. दुर्मिळ वस्तूच्या खोट्या प्रती जास्त असतात. काळ्या प्लास्टिक ग्रिपच्या ‘ब्लॅक विडो’ला जास्त पैसे देण्याआधी एवढं लक्षात असू द्या की हे नाव युद्धानंतर विक्रेत्यांनी काढलं, जर्मन सैन्याने नाही.

मॅगझिन वेगळं तपासा. या काळातल्याला लाकडी तळ असतो आणि त्यावर पिस्तुलाचाच नंबर. जादाच्या मॅगझिनवर शेजारी अधिकचं चिन्ह. मॅचिंग मॅगझिनने किंमत बरीच चढते, म्हणून जुन्या तळावर नवा नंबर ठोकण्याचा धंदाही जोरात आहे. लाकूड जुनं, मळलेलं आणि आकड्यांच्या खाचा मात्र ताज्या, फिकट असतील तर सोडून द्या.

वापराबद्दल. उघडण्याआधी मॅगझिन काढा, टॉगल मागे ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. हे इथे इतर पिस्तुलांहून जास्त महत्त्वाचं, कारण सिअर बार रिसीव्हरच्या डाव्या बाजूला उघडा असतो. चेंबरमध्ये काडतूस राहिलं असेल तर फ्रेमपासून सुटा झालेला वरचा भागही सिअर दाबल्यावर झाडू शकतो. जोडताना नेहमी घडणारी चूक म्हणजे टॉगलच्या मागचा लोंबता आकडा मेनस्प्रिंगच्या लिव्हरमध्ये न अडकणं. पिस्तूल उलटं धरून वरचा भाग सरकवला की आकडा आपोआप जागेवर बसतो. मग टॉगल ओढून पाहा. स्प्रिंगचा जोर लागला नाही तर पुन्हा उघडा. डावी ग्रिप काढताना घाई नको, सेफ्टी लिव्हरजवळचा कोपरा फार पटकन उडतो.

रेंजवर साधी, नेहमीच्या दाबाची, ११५ ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं आणि नवं, आजच्या बनावटीचं मॅगझिन. प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाची, अजिबात नाही. मूळ मॅगझिन घरी ठेवायचं. खरं तर पूर्ण मॅचिंग पिस्तूल चालवूच नये. एक एक्स्ट्रॅक्टर तुटला की नवा मिळतो, पण त्यावर तुमचे दोन आकडे नसतात. झाडण्याची हौस असेल तर नंबर न जुळणारी, रीब्लू केलेली स्वस्त ‘शूटर’ वेगळी घ्या.

साठवण चामड्याच्या होल्स्टरमध्ये करू नका, चामडं कमावतानाची रसायनं आणि ओल मिळून गंज धरतो. हलकं तेल, सिलिका जेल आणि ५० टक्क्यांच्या आतली आर्द्रता एवढं पुरेसं आहे. मेटल पॉलिश स्ट्रॉच्या भागांच्या जवळही नको, तो रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर आहे.

अमेरिकेत कायद्याने ‘अँटिक’ म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं. लूगर १९००ची, त्यामुळे कोणतीच लूगर त्यात बसत नाही. माउझर सी९६ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाचे अगदी सुरुवातीचे नग बसतात. मात्र पन्नास वर्षांवरची म्हणून लूगर ‘क्युरिओ अँड रेलिक’ या संग्राहकांच्या जुन्या शस्त्रांच्या वर्गात येते. संग्राहकाचा टाइप ०३ परवाना तीन वर्षांसाठी ३० डॉलर, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवणं बंधनकारक. भारतात ९ मिमी प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणारं कॅलिबर. शस्त्र कायद्याचं कलम ४५ पुराणवस्तू म्हणून सवलत देतं ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला, चालू पिस्तुलाला नाही. तेव्हा अमेरिकेत घेतलेली लूगर निवृत्तीनंतर पुण्याला नेऊ, असा विचार असेल तर तो खरेदीच्या आधीच सोडा.