चार मीटर टाकी उत्तम, पण ‘१५०० बीज’ हा आकडा पाळू नका

आमचं शेत इंदापूर तालुक्यात. गेल्या वर्षी मासे वाढवायला बायोफ्लॉकच्या (माशांची घाण पाण्यातले जिवाणूच पचवतात, त्या पद्धतीच्या) दोन टाक्यांचा संच घेतला. ४ मीटर व्यास, लोखंडी जाळीचा सांगाडा, आत ६५० जीएसएमची (चौरस मीटरला ६५० ग्रॅम) ताडपत्री, पाण्यात हवा सोडायला दोन्हींना मिळून एक रिंग ब्लोअर.

मालाला नाव ठेवायला जागा नाही. वर्षभर उन्हात उभ्या आहेत, ताडपत्रीचा एक जोड सुटला नाही. तळाला मधोमध उतार नीट दिलाय, त्यामुळे गाळ निचऱ्याच्या पाइपातून सहज निघतो. ब्लोअर तापतो, त्यावर पत्र्याची सावली करावी लागली.

माझी तक्रार विक्रेत्याने संचासोबत दिलेल्या कागदावरच्या एका ओळीबद्दल आहे: ‘प्रति टाकी १५०० बीज’, म्हणजे माशांची सोडायची पिल्लं. १.२ मीटर पाणी भरलं की टाकीत साधारण १५ हजार लिटर बसतं. मासा ४०० ग्रॅमचा करायचा, तर १५०० मासे म्हणजे ६०० किलो. हजार लिटरला ४० किलो! एवढ्या मासळीला पुरेल इतका प्राणवायू या ब्लोअरने मिळत नाही. विकणाऱ्याने बीज मोजलं, काढणीच्या वेळचं वजन मोजलंच नाही.

पहिल्या टाकीत मी कागदाप्रमाणे १५०० सोडले. दुसरीच्या वेळी बीज कमी पडलं, म्हणून ६००च. दोन्हीकडे एकाच लॉटचं गिफ्ट तिलापिया (तिलापिया माशाचा लवकर वाढणारा सुधारित वाण), सगळे नर (माद्या असत्या तर टाकीतच पिल्लं होऊन गर्दी आणखी वाढली असती). खाद्य एकच, जिवाणूंसाठी पाण्यात घालायचा गूळ एकच.

दोन महिने फरक दिसला नाही. तिसऱ्या महिन्यापासून दाट टाकीतले मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडू लागले. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पाण्यात चढला की खाद्य बंद ठेवायचं, उतरला की पुन्हा द्यायचं. अशा उपासतापासात मासा वाढणार कसा? त्यात दांडगे मासे खाद्य पळवायचे आणि बारके मागे पडायचे. जाळं टाकलं की एकाच खेपेत ८० ग्रॅमचा आणि ३०० ग्रॅमचा शेजारी शेजारी. शेपट्या कुरतडलेल्या. एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर जोडेपर्यंत अर्धा तास गेला. सकाळी दाट टाकीत मेलेले मासे पाटीने काढले. विरळ टाकीत चारच.

पाच महिन्यांनी काढणी केली. दाट टाकीत ११४० मासे, सरासरी १७० ग्रॅम, १९४ किलो, खाद्य ३९० किलो. विरळ टाकीत ५६० मासे, सरासरी ३९० ग्रॅम, २१८ किलो, खाद्य ३१० किलो. निम्म्याहून कमी बीज टाकून माल जास्त आणि खाद्य ८० किलो कमी! शिवाय भिगवणच्या बाजारात उजनी धरणातली चिलापी (म्हणजे तिलापियाच) ढिगाने येते. तिच्यापुढे १७० ग्रॅमच्या माशाला कोण विचारतं? मोठा मासा हॉटेलवाल्याने टाकीवरून जिवंत नेला.

ज्वारीची विरळणी करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. संच जरूर घ्या, टाकीसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कागदाला शून्य. विक्रेत्याला दोन्ही टाक्यांची वही दाखवून आकडा बदलायला सांगितलंय. नव्या गिऱ्हाइकाला अजून जुनाच कागद जातोय. यंदा दोन्हीकडे ६००-६०० सोडलेत, आणि इन्व्हर्टर आधीच जोडून ठेवलाय.