पॉलिश काँक्रीटच्या नावाखाली वरून रंग मारून गेला

मालवणात आमचं घर आहे आणि त्याच्याच पुढच्या भागात दुकान. काजू, कोकम, मसाले, खाजा असा माल. जुन्या शहाबादी लाद्या दर पावसाळ्यात हलायच्या, सांध्यांतून ओल वर यायची, म्हणून सगळं उखडून पॉलिश काँक्रीटची जमीन करायचं ठरवलं. घर-दुकान मिळून ९५० चौरस फूट, दर १५० रुपये, म्हणजे १,४२,५०० चं काम. किनाऱ्याला सध्या होमस्टेवाले, दुकानदार, हॉटेलवाले सगळेच या जमिनीच्या मागे आहेत आणि आम्हाला गंडवणारा माणूस अजून याच पट्ट्यात कामं घेतोय. म्हणून सविस्तर लिहिते.

माणूस बोलायला गोड. "वहिनी, नातवंडांच्या लग्नापर्यंत हलणार नाही ही जमीन." सोबत नमुन्याचा एक तुकडा आणला होता. आतली खडी-वाळू स्वच्छ दिसत होती, किल्लीने ओरखडा उठत नव्हता. तो तुकडा खराच होता, फक्त काम त्याचं नव्हतं. मोबाइलवर दाखवलेले फोटोही दुसऱ्याच एका कंपनीच्या जाहिरातीतले निघाले.

यात खरं काम काय असतं ते आधी सांगते, म्हणजे चोरी कुठे झाली ते कळेल. खालची भर नीट ठोकायची, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग खालची ओल अडवायला जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर चांगलं काँक्रीट. आमच्याशी बोलणं झालं होतं एम २५ चं (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत), तीन इंच जाडीचं. त्याला भरपूर पाणी मारायचं. हल्ली बाजारात बहुतेक पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असतं, त्याला निदान दहा दिवस सतत ओल हवी. पुरी ताकद यायला २८ दिवस धरतात. मग डायमंडच्या चकत्यांनी घासाई सुरू होते: ३०-४० नंबरपासून ६०, १२०, पुढे २००, ४००, ८००, हवं तर १५०० आणि ३०००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो, म्हणून मधला एखादा गाळला की चकाकीखाली ओरखडे राहतात. मधल्या टप्प्यावर डेन्सिफायर मारतात. तो सिलिकेटचा पातळ द्राव असतो. सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते आणि काँक्रीटची भोकं आतून घट्ट होतात. म्हणजे चमक काँक्रीटचीच असते, वर कसलाही थर नसतो. ओल वाफ होऊन वर आली तरी तिला अडवायला काही नसतं, आणि समुद्राकाठी हीच तर गंमत आहे.

आमच्याकडे यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. आम्ही काम चालू असताना दुकानाचा माल घेऊन भाच्याच्या गाळ्यात बसत होतो, मागे सासूबाई घरात एकट्या. प्लास्टिकचा कागद आणला होता, आम्हाला दाखवलाही होता. तो गुंडाळीसकट टेम्पोतून परत गेला. लाद्यांखालच्या जुन्या पीसीसीवर, म्हणजे साध्या काँक्रीटवर, जेमतेम इंचभर वाळू-सिमेंटचा थर ओढला आणि वर सिमेंटची दाट स्लरी घोटली. त्या स्लरीत काळी बारीक कच भुरभुरली होती, म्हणजे खडी उघडी पडल्यासारखं दिसावं! हे कौशल्य मात्र मानलं. एवढी अक्कल सरळ कामात लावली असती तर माणूस नावारूपाला आला असता.

वाळू खाडीची होती. खाडीची वाळू गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर मीठ जमिनीत जातं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. इथे तर मीठ सगळ्या जमिनीत होतं.

घासाईला आणलेलं मशीन मोझॅक घासतात ते, साध्या दगडाच्या विटा लावलेलं. डायमंडच्या चकतीवर मागे नंबर छापलेला असतो. सासूबाईंनी काढलेल्या फोटोंत एकही चकती नाही. खऱ्या घासाईत पाणी मारून घासलं तर राखाडी चिखलाचा राडा होतो, कोरडं घासलं तर धूळ ओढणारं मोठं व्हॅक्यूम लागतं. आमच्याकडे दोन बादल्या गाळसुद्धा निघाला नाही. मग कॅन उघडले. डेन्सिफायर पाण्यासारखा असतो. यातलं द्रावण पांढरं, दुधाळ होतं, रोलरने मारलं आणि वाळल्यावर पारदर्शक झालं. हे ॲक्रिलिकचं, म्हणजे वर पातळ थर बसवणाऱ्या रंगाचं लक्षण. कॅनवर चिठ्ठी मात्र नामांकित कंपनीच्या डेन्सिफायरची.

अजून एक खूण. मोठं मशीन भिंतीला टेकत नाही, कडेची चार-सहा इंच पट्टी हातमशीनने वेगळी करावी लागते, आणि कितीही चांगला कारागीर असला तरी तिथली चमक थोडी वेगळी दिसते. आमच्या जमिनीची चमक कोपऱ्यापर्यंत, रॅकच्या पायाखालीसुद्धा एकसारखी होती. आलेले-गेलेले तेच कौतुकाने बघत होते.

आता पैशांचं. निम्मे आगाऊ, चाळीस टक्के काँक्रीट झाल्यावर, उरलेले पॉलिश झाल्यावर, असं ठरलं होतं. काम मेअखेरीस संपलं. मे महिन्यात इथे प्रत्येकाला पावसाच्या आत आटपायचं असतं आणि ही घाई ठेकेदाराला आपल्यापेक्षा चांगली कळते. जमीन आरशासारखी दिसत होती, त्याने शेवटचा हप्ता घेतला, सासूबाईंच्या पाया पडला आणि गेला. सगळी मेख या तारखेत आहे. असली जमीन उन्हाळ्यात नुसती बघून सहज ओळखता येत नाही, कारण खालून वर येणारी ओल तेव्हा कमी असते.

मृगाच्या पावसानंतर आधी दुकानाच्या दारात पांढुरके डाग आले, मग घरात फोड. फोड दाबला की खाली पाणी. आषाढात पापुद्रे निघायला लागले आणि खाली लोणा फुटलेला, पांढरी पूड हाताला लागायची. किनाऱ्यावरून येणारी गिऱ्हाइकं पायाला वाळू घेऊन येतात, त्यामुळे दारापासून गल्ल्यापर्यंतची चमक तर आधीच घासून गेली होती. फोन केला तर उत्तर ठरलेलं: "वहिनी, ही हवामानाची ओल आहे, जमिनीला घाम येतो, समुद्राकाठी असं होणारच."

हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चालून जातं. दमट हवा थंड जमिनीला लागली की वर पाणी साचतं, ते चांगल्या जमिनीवरही साचतं. पण ते फडक्याने पुसलं जातं, फोड आणत नाही. दोन्हीतला फरक घरच्या घरी कळतो. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि रात्रभर, निदान सोळा तास तसाच ठेवायचा. पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर हवेतलं, खाली असेल किंवा जमीन काळवंडली असेल तर खालचं. आमच्याकडे थेंब खाली होते, दुकानातही आणि देवघरासमोरही.

शेजारचे जुने गवंडी काका आले, कापसाला थिनर लावून एका जागी घासलं. जागा चिकट झाली, चमक कापसावर आली. "हेच्यात काय एक नाय, वरसून नुसतो रंग मारलेलो आसा," एवढंच म्हणाले. खऱ्या पॉलिशला थिनरने काही होत नाही. ही परीक्षा शेवटचे पैसे देण्याआधी, ठेकेदारासमोर करता येते आणि तिला रुपयाचाही खर्च नाही. एक मात्र उलटं सांगायला हवं: कोकमाचं आगळ किंवा लिंबाचा रस सांडून डाग पडला म्हणून जमीन खोटी ठरत नाही. आंबटाने खरं पॉलिश काँक्रीटही खरवडतं. माझ्या दुकानात आगळाच्या बाटल्यांखाली आता ट्रे असतो.

तक्रारीचं सांगते. त्याने दिलेल्या कच्च्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता आणि कामाचं वर्णन "सिमेंट फ्लोअरिंग, चकाकीसह" इतकंच. एम २५, तीन इंच, डेन्सिफायर, चकत्यांचे नंबर यातलं काही नाही. नशिबाने हे सगळं व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेलं होतं आणि पैसे बँकेतून गेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, मग वकिलांकडून नोटीस पाठवली. वकिलांनी एक गोष्ट सांगितली ती दुकानदारांनी ऐकून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी चालवलेलं दुकान असेल तर सूट आहे, पण ते दाखवावं लागतं. घर आणि दुकान एकाच बिलात घातलं की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. दोन वेगळी बिलं घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. जमीन फोडण्याआधी फोटो, व्हिडिओ काढा आणि फोडलेल्या थराचे तुकडे जपून ठेवा. इंच-टेप लावून काढलेला आमचा एक फोटो नोटिशीतल्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त बोलला.

नोटीस मिळाल्यावर त्याने चाळीस हजार परत केले आणि "बाकी नंतर" म्हणाला. बाकीसाठी तक्रार दाखल केली आहे.

दुकानाची जमीन या वेळी दिवाळीनंतर फोडली. प्लास्टिक आमच्या डोळ्यांदेखत अंथरलं, सांध्यावर सांधा वीतभर चढवून, आणि पाणी मारायला सासूबाई स्वतः उभ्या राहिल्या, नळी कुणाला देईनात. चकत्यांचे नंबर करारात लिहिले आहेत, डेन्सिफायरचे सीलबंद कॅन आम्ही स्वतः दुकानातून आणले. घरात पापुद्रे खरवडून जमीन तशीच उघडी ठेवली आहे, दिसायला वाईट पण निदान सुकते. नव्या ठेकेदाराचे पंधरा टक्के दसऱ्यापर्यंत माझ्याकडे राहणार, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर मिळणार. त्याने बरीच कुरकुर केली, "असं कोण ठेवतं वहिनी" म्हणाला, आणि मग सही केली.