आरटीएल-एसडीआर डोंगल: म्हापशाच्या उन्हात तीन महिने

कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचा हा छोटा रेडिओ रिसीव्हर, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार आमच्या उन्हाने खाल्ला, एक मी कापला, का ते खाली येईलच.

साडेतीन हजाराला ऑनलाईन मागवलं. धातूची डबी, अँटेना जोडायला एसएमए कनेक्टर, आणि 1 पीपीएमचा (दहा लाखात एक भाग चूक) टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा ऑसिलेटर, हे शेवटचं बघूनच घ्या. माझं आधीचं स्वस्तातलं टीव्ही डोंगल 55 पीपीएम चुकायचं, म्हणजे जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झवर गेलं की 87 किलोहर्ट्झ भलतीकडेच. सॅटेलाईटच्या वेगाने होणारा डॉप्लर, म्हणजे फ्रिक्वेन्सीतला फरक, पाचेक किलोहर्ट्झचा, तो शोधणार कुठे?

नोआचे, म्हणजे अमेरिकेच्या हवामान सॅटेलाईटचे, फोटो काढायला घेणार असाल तर उशीर झाला, 15 आणि 19 दोन्ही ऑगस्ट 2025 मध्ये बंद केले. आता रशियाचे हवामान सॅटेलाईट, मेटिओर एम2-3 आणि एम2-4. साधा व्ही डायपोल, 53-54 सेंटीमीटरच्या दोन दांड्या 120 अंशात, गच्चीवर पत्र्यापासून लांब, आणि सिग्नलचं चित्र करणारं सॅटडंप सॉफ्टवेअर. दुसऱ्याच दिवशी चित्र आलं. पण आत सिग्नलचे आकडे करणारा एडीसी फक्त 8 बिटचा, त्यामुळे जवळच्या एफएम स्टेशनचा मारा झाला की 137 मेगाहर्ट्झवरचा मेटिओरचा बारीक सिग्नल गुदमरतो, मग एफएम फिल्टर वेगळा घ्या आणि पैसे अजून घाला. कापलेला एक स्टार तो हा.

खरी मजा जीपीएसची. बायस टी (अँटेनाला केबलमधूनच वीज देणारी सोय) चालू करून जीपीएसचा पॅच अँटेना लावला, रेकॉर्डिंग जीएनएसएस-एसडीआर सॉफ्टवेअरला दिलं, आणि पहिला फिक्स, म्हणजे माझी जागा, आला शेजाऱ्यांच्या माडावर. तरी मी घरभर नाचलो! आपल्या भारताच्या नाविक सॅटेलाईटचा एल5 सिग्नल 1176.45 मेगाहर्ट्झवर, तिथपर्यंत डोंगल पोचतं पण अँटेना एल5 चा वेगळा लागतो. त्याचाच एस बँड 2492 वर, तिथे हे जातच नाही.

मे महिन्यात मात्र दुपारी बाराला गच्चीवर डबी हातात धरवेना, आणि 1.5 गिगाहर्ट्झच्या वर पीएलएलचा (डोंगलला नेमक्या फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणारं सर्किट) लॉक सुटायला लागला. आधी मी दोन दिवस सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या, सगळं परत इन्स्टॉल केलं, मग सहज डबी फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीला टेकवली तर लगेच लॉक! नासाने 2012 मध्ये स्पेस स्टेशनवर स्कॅन टेस्टबेड म्हणून तीन सॉफ्टवेअर रेडिओ पाठवले होते, 2019 पर्यंत चालले, जमिनीवरून नवीन सॉफ्टवेअर चढवलं की तोच रेडिओ वेगळं काम करायचा, त्यातला एक जीपीएस पण ऐकायचा. ते वाचून मला वाटायचं सगळी कमाल सॉफ्टवेअरची. पण चिपच तापली तर सॉफ्टवेअर बापडं काय करणार, आणि वर अंतराळात तर उष्णता वाहून न्यायला हवा पण नाही, म्हणून असले रेडिओ आधी थर्मल व्हॅक्यूम चेंबरमध्ये घालून तापवून-गारठवून बघतात. माझं चेंबर म्हणजे गच्ची. आता डोंगलला जुन्या कॉम्प्युटरचा हीट सिंक बांधलाय आणि ते जिन्यात सावलीला असतं. बाटली लावू नका, बाहेरून घाम येतो.

जूनमध्ये एका सकाळी मेटिओर डोक्यावर यायच्या दोन मिनिटं आधी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता. वॉटरफॉलवरच्या (स्क्रीनवर सिग्नल दाखवणारं चित्र) त्या कायमच्या उभ्या रेघा, फ्रीजच्या, एलईडीच्या, शेजारच्या चार्जरच्या, सगळ्या एकदम गायब, नॉईज फ्लोअर, म्हणजे मागची खरखर, सपाट. आई खालून ओरडत होती वीज खात्याला फोन लाव म्हणून. म्हटलं, दहा मिनिटं थांब गो.