एक साथ नमस्ते : मुलीच्या शाळेतील आदराच्या नियमांचे परीक्षण

माझी मुलगी पुण्यातील एका खासगी अनुदानित मराठी शाळेत दुसरीपासून शिकते आहे. आता ती पाचवीत आहे. प्रवेश घेताना आम्ही इतर पालकांप्रमाणेच मैदान, वर्गाची पटसंख्या, शिक्षकांचा अनुभव आणि स्कॉलरशिपचे निकाल यांची चौकशी केली होती. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘शिस्त व संस्कार’ या मथळ्याखाली छापलेल्या पाच-सहा ओळींकडे आमचे लक्षही गेले नव्हते. पुढे चार वर्षे रात्रीच्या जेवणाच्या वेळी आमच्या घरी ज्या विषयावर सर्वाधिक बोलणे झाले, तो त्या ओळींतलाच होता : मुलांनी मोठ्यांना आदर कसा दाखवावा आणि तो न दाखवल्यास शाळेने काय करावे. हे परीक्षण शाळेच्या त्या एकाच अंगापुरते आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असेच नियम थोड्याफार फरकाने राज्यातल्या असंख्य शाळांत आढळतील.

शाळा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरते. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष आणि बोधकथा हा क्रम असतो. यांपैकी उद्देशिकेचे वाचन २६ जानेवारी २०२० पासून शासनाच्या निर्देशाने सुरू झाले आणि राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ नंतर आले. बाकीचा परिपाठ माझ्या लहानपणी होता तसाच आहे. शिक्षक वर्गात आले की मुले उभी राहून ‘एक साथ नमस्ते’ म्हणतात आणि ‘बसा’ म्हटल्यावर बसतात. शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हणायचे, जिन्यात मोठी व्यक्ती समोर आल्यास बाजूला थांबून वाट द्यायची आणि बोलण्यापूर्वी हात वर करायचा, हे नियम सर्व इयत्तांना सारखेच लागू आहेत.

यांतील बरेचसे नियम मला मनापासून पटतात आणि ते काढून टाकावेत असे म्हणणाऱ्या पालकांशी माझा मतभेद आहे. बावन्न मुलांच्या वर्गात मराठीचा तास संपून गणिताचा सुरू होतो, तेव्हा मधल्या दोन मिनिटांत वर्ग पूर्णपणे विखुरलेला असतो. सर्वांनी एकदम उठण्याने तो पुन्हा एकत्र येतो आणि त्यासाठी शिक्षकाला आवाज चढवावा लागत नाही. माझी मुलगी दुसरीत असताना अनोळखी मोठ्या माणसांसमोर आईच्या पदराआड जात असे. रोज ठरावीक शब्द ठरावीक वेळी म्हणण्याच्या सवयीने तिला बोलण्याची सुरुवात कुठून करावी हे सापडले आणि तिचा संकोच हळूहळू गेला. लाजऱ्या मुलाला असा ठरलेला शिष्टाचार फार मोठा आधार देतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

शाळेच्या दोन प्रथा तर इतर शाळांनी उचलाव्यात अशा आहेत. पहिली प्रथा अशी, की नमस्ते म्हणणाऱ्या मुलांना शिक्षकही हात जोडून, उभे राहून उत्तर देतात. फळ्याकडे तोंड करून ‘हं, बसा’ म्हणण्याची मुभा त्यांना नाही. दुसरी प्रथा स्वच्छतागृहे धुणाऱ्या मावशी आणि फाटकावरचे काका यांच्याविषयीची आहे. मुख्याध्यापिकांना जो नमस्कार करायचा, तोच त्यांनाही करायचा, असा स्पष्ट नियम आहे आणि तो पाळला जातो. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बाईंना माझी मुलगी न सांगता नमस्कार करू लागली, तेव्हा त्या क्षणभर थबकल्या होत्या. या एका गोष्टीसाठी मी शाळेचा ऋणी आहे.

अडचण कुठे सुरू होते ते २०२५ च्या जुलै महिन्यातील एका आठवड्यावरून सांगता येईल. आषाढी एकादशी रविवारी, ६ जुलैला होती, म्हणून शाळेची दिंडी शनिवारी निघाली. टाळ, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली असा सगळा थाट होता. वारकऱ्यांमध्ये भेटल्यावर एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. त्यात वय पाहत नाहीत आणि जातही पाहत नाहीत. शाळेच्या पटांगणात त्या दिवशी शिक्षक मुलांच्या आणि मुले शिक्षकांच्या पाया पडली. साठीकडे झुकलेले चित्रकलेचे सर पहिलीतल्या मुलासमोर वाकले, ते पाहून माझे डोळे भरून आले. त्यानंतर गुरुवारी, १० जुलैला, गुरुपौर्णिमा होती. त्याच पटांगणात शिक्षक खुर्च्यांवर बसले, मुलांच्या रांगा लावण्यात आल्या आणि प्रत्येकाने प्रत्येक शिक्षकाच्या पायाला हात लावून पुढे जायचे होते. माझ्या मुलीच्या वर्गातील एका मुलीने लांबूनच हात जोडले. तिला रांगेतून बाजूला काढून शेवटपर्यंत उभे ठेवण्यात आले. पाच दिवसांपूर्वी जे वाकणे प्रेमाने घडले होते, तेच आता हजेरीसारखे मोजले जात होते, आणि ‘बाबा, आज सर का नाही वाकले?’ या मुलीच्या प्रश्नाला मी त्या रात्री काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले, याचा मला खेद वाटतो.

गुरुपौर्णिमा वर्षातून एकदाच येते, परंतु ‘उलट उत्तर’ हा गुन्हा रोज घडू शकतो. गणिताच्या तासाला फळ्यावर एक आयत काढला होता, लांबी ८ सेंटिमीटर आणि रुंदी ५ सेंटिमीटर. परिमिती म्हणून शिक्षिकेने ४० हा आकडा लिहिला. माझ्या मुलीने हात वर केला, परवानगी मिळाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, ते क्षेत्रफळ झालं. परिमिती २६ येते ना?’ तिला बसवण्यात आले आणि डायरीत ‘मोठ्यांना उलट उत्तरे देते’ असा शेरा आला. मी हा प्रसंग अनेकदा मनाशी तपासून पाहिला आहे. हात वर करणे, उभे राहणे, ‘बाई’ म्हणणे, प्रश्नाच्या रूपात बोलणे, असे शाळेने शिकवलेले सर्व उपचार तिने पाळले होते. तरीही तिला उद्धट ठरवण्यात आले, याचा अर्थ तिच्याकडून आदराहून वेगळेच काहीतरी अपेक्षित होते. चूक दाखवण्याची सभ्य रीत शिकलेल्या मुलीला ती रीत वापरल्याबद्दलच शेरा मिळाला, तर पुढच्या वेळी ती काय करेल? ती गप्प बसेल आणि चुकीचे उत्तर वहीत उतरवून घेईल. त्यानंतर दोन महिने तिने त्या तासाला हात वर केला नाही.

नियम मोडल्यावर शाळा काय करते, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकष आहे आणि त्यात ही शाळा कमी पडते. शिक्षक आल्यावर उभे न राहणाऱ्या मुलाला पूर्ण तास वर्गाबाहेर ठेवले जाते, येणारी-जाणारी मुले त्याच्याकडे बघत जातात. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. नमस्कार न केल्याबद्दल दहा वर्षांच्या मुलाला चारचौघांत लाजवणे त्या बंदीत बसते, असे माझे ठाम मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात १९८६ मध्ये दिलेला निर्णय प्रत्येक शाळेच्या शिक्षककक्षात असायला हवा. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. न्यायालयाने ते काढणे रद्द ठरवले. आदराने उभे राहणाऱ्या मुलावर गाण्याची सक्ती करता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे. आमच्या शाळेतही एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी हात न जोडता शांतपणे उभा राहतो आणि शाळेने त्याला कधी टोकलेले नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. हीच समज गुरुपौर्णिमेच्या रांगेत दिसली असती, तर या परिच्छेदातील अर्धा भाग मला लिहावा लागला नसता.

मुले रोज सकाळी जी प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यात पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवण्याचे वचन आहे, आणि त्याच वाक्यात प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याचेही आहे. परिपाठाला शिक्षकही हात पुढे करून तीच प्रतिज्ञा म्हणतात. त्या ‘प्रत्येक’ शब्दात पाचवीतले मूल येते. तरीही काही शिक्षक मुलांना नावाऐवजी ‘ए, सतरा नंबर’ अशी हाक मारतात. मराठीत मोठ्यांनी लहानांना अरे-तुरे करण्यात आपुलकी असते आणि त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मुलाला नाव असताना हजेरीपटावरील क्रमांकाने पुकारणे ही वेगळी गोष्ट आहे.

पालक-शिक्षक संघाच्या सभेत मी तीन लेखी सूचना दिल्या : पाया पडणे ऐच्छिक असावे, वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा बंद व्हावी आणि शिक्षकाची चूक मुलाने कशी दाखवावी याची एक मान्य रीत नियमांतच लिहिलेली असावी. मुख्याध्यापिकांनी त्या सभेत वाचून दाखवल्या. काही पालकांनी विरोध केला; घरी मोबाइलपुढे मुले कुणाचेच ऐकत नाहीत, निदान शाळेत तरी धाक राहू द्या, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांची काळजी मला समजते. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीसाठी बाहेर उभे करण्याऐवजी मधल्या सुट्टीत मुलाशी एकट्याने बोलावे असे ठरले, आणि दिवाळीनंतर माझ्या माहितीत तरी कुणी बाहेर उभे राहिलेले नाही. तिसऱ्या सूचनेवर ‘विचार करू’ एवढेच उत्तर मिळाले आहे.

सहावीसाठी आम्ही मुलीला याच शाळेत ठेवत आहोत. प्रवेश घेणाऱ्या पालकांनी माहितीपत्रकाचे शेवटचे पान वाचावे आणि भेटीच्या वेळी एखादा तास सुरू होताना वर्गाच्या दाराशी थांबून शिक्षक मुलांच्या नमस्काराला कसे उत्तर देतात ते पाहावे. डायरीतील तो शेरा अजून तसाच आहे. गणिताच्या बाईंनी मात्र जानेवारीत एकदा फळ्यावरचे उत्तर स्वतः पुसले आणि वर्गाला विचारले, ‘कुणाला वेगळं उत्तर आलंय का?’ त्या दिवशी माझ्या मुलीने हात वर केला.