क्रोम की फायरफॉक्स: कोड कुठे लिहायचा, लाइट बिल कुठे भरायचं?

नवी नोकरी लागली, लॅपटॉप हातात पडला की पहिल्या तासाभरात ब्राउझर टाकला जातो. बहुतेक जण क्रोम घेतात आणि पुढे जातात. टीममध्ये सगळे तेच वापरतात, शिकवणाऱ्या व्हिडिओंतही तेच दिसतं. फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बनवण्याचं, काम करणाऱ्याने मात्र इथे जरा थांबावं. दिवसभर ज्या ब्राउझरमध्ये कोड लिहून बघतो, त्याच्या सवयी कोडलाही लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकते: लिहायला फायरफॉक्स, तपासायला क्रोम. काही कामांना हे लागू पडत नाही, तेही पुढे येईलच.

एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचा विचार इथे केलेला नाही, कारण आतून ते सगळे क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच खुला पाया, आहेत. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन (कोडवरून पान रंगवणारा ब्राउझरचा गाभा) सोडलं, आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला. त्यामुळे ‘क्रोम, एज आणि ब्रेव्ह तिन्हींत तपासलं’ असं कुणी कामाच्या टिकेटवर लिहिलं तर त्याने एकाच इंजिनात तीनदा तपासलेलं असतं. मोठ्या वापरातली इंजिनं तीनच उरली आहेत: क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट.

वेबच्या स्टँडर्ड्समध्ये मागे कोण?

‘फायरफॉक्स मागे आहे’ हे वाक्य ऑफिसात सर्रास ऐकू येतं. तारखा बघितल्या तर चित्र वेगळं दिसतं. कार्डांच्या रांगेत सगळी शीर्षकं आणि बटणं एका ओळीत आणणारं सीएसएस सबग्रिड फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ ला आलं, सफारीत सप्टेंबर २०२२ ला आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला. जवळपास चार वर्षं क्रोमवाले जावास्क्रिप्टने उंची मोजत बसले होते. उलट आत काय आहे त्यावरून बाहेरचा घटक निवडणारा सीएसएसचा ‘हॅज’ सिलेक्टर सफारीने मार्च २०२२ मध्ये आणला, क्रोमने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि फायरफॉक्सला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यामुळे कोण मागे हे कशाबद्दल बोलतोय त्यावर ठरतं.

खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. क्रोममध्ये काही सोयी अशा आहेत की त्या चालतात, कागदपत्रंही व्यवस्थित सापडतात, पण बाकीच्या दोघांनी त्या घेतलेल्याच नाहीत. साइटला यूएसबी आणि ब्लूटूथ उपकरणांशी थेट बोलू देणारे वेबयूएसबी आणि वेब ब्लूटूथ ही ठळक उदाहरणं. सुरक्षा आणि खासगीपणाचं कारण देऊन फायरफॉक्सवाली मोझिला आणि सफारीवाली ॲपल दोघांनी त्यांना विरोध केला. फक्त क्रोममध्ये काम करणाऱ्याला ही सीमारेषा दिसतच नाही, कारण चुका दाखवणारा कन्सोल गप्प असतो. फायरफॉक्समध्ये लिहीत असाल तर गोष्ट तुमच्याच टेबलावर, सकाळी अकरा वाजताच फुटते. क्लायंटच्या यूएटीमध्ये, म्हणजे शेवटच्या चाचणीत, फुटण्यापेक्षा हे बरं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळातल्या ‘फक्त याच ब्राउझरमध्ये उघडा’ छाप साइट निस्तरणाऱ्या सीनियर मंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही.

हल्ली परिस्थिती सुधारली आहे हेही खरं. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे इंटरॉप प्रकल्पात दरवर्षी ठरावीक गोष्टी एकसारख्या करायला घेतात. शिवाय बेसलाइनचा शिक्का आहे: एखादी सोय मुख्य ब्राउझरांत सगळीकडे आली की ती ‘नव्याने उपलब्ध’, आणि त्यानंतर तीस महिने गेले की ‘सर्वत्र उपलब्ध’. एमडीएन या वेब-माहितीच्या साइटवर त्या सोयीच्या पानावर तो वरच दिसतो. वाद घालण्याआधी तेवढा बघावा.

डेव्हटूल्स (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं), आणि मराठी मजकूर

लेआउटसाठी मला पानाची रचना उलगडून दाखवणारं फायरफॉक्सचंच इन्स्पेक्टर हवं असतं. एखादा सीएसएस नियम लागू होत नसेल तर तो फिका दिसतो आणि शेजारच्या खुणेवर का लागू होत नाही ते लिहिलेलं असतं. क्रोमनेही नंतर असे इशारे दिले, पण माझा हात इकडेच वळतो.

मराठी साइटवर काम करत असाल तर फॉन्ट टॅबसाठी तरी फायरफॉक्स उघडा. डिझायनर बहुतेकदा इंग्रजी मजकूर समोर ठेवून फॉन्ट निवडतो. इंटर हा फॉन्ट घेतला, तर त्यात देवनागरी नाहीच. मग विंडोजवर मराठी मजकूर निर्मला यूआय या विंडोजच्याच फॉन्टमध्ये दिसतो आणि मॅकवर भलत्याच फॉन्टमध्ये, आणि ‘माझ्याकडे नीट दिसतंय’ हे संभाषण सुरू होतं. फायरफॉक्सच्या या टॅबमध्ये प्रत्यक्षात वापरलेले फॉन्ट दिसतात. नावावर माउस नेला की त्या फॉन्टमधला मजकूर पानावर उजळतो. क्रोममध्येही ही माहिती आहे, पण कम्प्युटेड टॅबच्या तळाशी. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जास्तीचं अंतर) देऊन शिरोरेषेचे तुकडे पाडण्याचा प्रकार मात्र दोन्ही ब्राउझर इमानेइतबारे करतात. तिथे डिझायनरशीच बोलावं लागतं.

एका बाबतीत क्रोम पुढे होता. ‘स्त्री’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर उत्तर सहा येतं, कारण हलन्त आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते. अक्षरं माणसासारखी मोजायला जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर लागतो. तो क्रोमकडे नोव्हेंबर २०२० पासून आहे, फायरफॉक्सकडे एप्रिल २०२४ पासून. जुना फायरफॉक्स वापरणारे ग्राहक असतील तर हे लक्षात ठेवा.

पान रखडतंय का, कुठला स्क्रिप्ट वेळ खातोय, हे शोधायला मात्र क्रोमच. परफॉर्मन्स पॅनेल आणि पानाला गुण देणारं लाइटहाउस हाताशी असतात, आणि अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यावरचं पान लॅपटॉपवर तपासता येतं. फोन जोडणं फायरफॉक्समध्येही जमतं, पण ग्राहकाच्या फोनमध्ये बहुधा क्रोमच असतो, मग तपासायचंही त्यातच.

काम संपल्यावर

घरच्या वापरात माझ्यासाठी सामना एकतर्फी आहे. गूगलने २०२४-२५ मध्ये मॅनिफेस्ट व्ही-२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद केली आणि जाहिराती अडवणारं पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून गेलं. तिथे आता त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सने जुनी पद्धत ठेवली. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही एक्स्टेंशन्स चालतात, क्रोममध्ये नाहीत. बातमीच्या दोन परिच्छेदांमध्ये तीन जाहिराती आणि वर उड्या मारणारा व्हिडिओ अशा पानांवर मराठी वाचायची सवय असेल, तर एवढं कारण पुरे.

दुसरं कारण कंटेनर्स, म्हणजे टॅबागणिक वेगळं लॉगिन ठेवणारे कप्पे. एकाच खिडकीत ऑफिसचं खातं एका टॅबमध्ये, घरचं शेजारच्या टॅबमध्ये. कामातही उपयोग होतो: स्टेजिंग (चाचणीच्या) साइटवर ॲडमिन आणि ग्राहक म्हणून एकाच वेळी लॉगिन करून ऑर्डर दोन्हीकडून बघता येते. क्रोमच्या प्रोफाइल्सनी हे होतं, पण प्रत्येक प्रोफाइलची खिडकी वेगळी.

तोटे आहेतच. एखादं पोर्टल फायरफॉक्समध्ये ओटीपीच्या पायरीवर हटून बसतं, आणि बिल भरण्याची शेवटची तारीख असेल तेव्हा तत्त्वं बाजूला ठेवून क्रोम उघडावा लागतो. पानाचं मराठी भाषांतर घरच्या मोठ्यांना लागत असेल तर क्रोममध्ये ते सहज होतं. आणि गूगलला कंटाळून इकडे येणाऱ्यांना माहीत असू द्या: मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा शोधाच्या करारापोटी गूगलकडूनच येतो.

तर क्रोम पहिला कुणी ठेवावा? ज्याचं मुख्य काम वेग वाढवण्याचं आहे त्याने. यूएसबीचा प्रिंटर किंवा स्कॅनर ब्राउझरमधून थेट चालवणारं दुकानाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने. किंवा ज्याच्या कंपनीत अंतर्गत टूल्ससाठी क्रोमच ठरलेला आहे त्याने.

दोघांपैकी काहीही निवडलं तरी सफारी सुटत नाही. युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच वापरतो, त्यामुळे ‘आयफोनवर क्रोम घ्या’ हे ग्राहकाला देण्याचं उत्तर नाही. मॅक नसेल तर प्लेराइट या चाचणीच्या टूलसोबत येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवरही चालतं; लेआउटचे बरेच घोटाळे तिथेच पकडता येतात. कीबोर्ड वर आल्यावर खाली चिकटवलेलं ‘पैसे भरा’ बटण कुठे जातं, हे मात्र त्यात कळत नाही. त्यासाठी ऑफिसात कुणाचा तरी आयफोन पाच मिनिटं मागून घ्यावा लागतो.