शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन कोर्स केला, पैसे तिसऱ्या आठवड्यात वसूल झाले

सहा आठवड्यांचा कोर्स संपला एकदाचा. मी सातवीला गणित शिकवते, तत्त्वज्ञानाशी संबंध ट्रेनिंगच्या परीक्षेपुरताच होता, रूसो म्हणजे निसर्गवाद, ड्यूई म्हणजे कार्यवाद, लिहायचं आणि विसरायचं. पहिले दोन आठवडे तेच परत ऐकलं, खरं सांगते, झोप आली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र प्लेटोचा 'मेनो' संवाद घेतला. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला विचारतो की हा चौरस आहे, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा काढ बघू. पोरगा म्हणतो बाजू दुप्पट करू, चुकतं, मग दीडपट करून बघतो तेही चुकतं, आणि शेवटी मूळ चौरसाचा कर्णच नव्या चौरसाची बाजू, इथवर गाडी येते. मी दुसऱ्याच दिवशी वर्गात केलं. १० सेंमीचा कागद दिला आणि २०० चौ. सेंमीचा चौरस मागितला. सगळे ओरडले २०! आले ४००. मग १५, तर २२५. मग वर्ग गप्प, आणि सांगून टाकायला माझी जीभ इतकी वळवळत होती ना, पण गप्प बसले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने २० चा कागद घेऊन चारही कोपरे मध्यात दुमडले, म्हणाली मॅडम ४०० चं निम्मं झालं की. झालंच की! (सॉक्रेटिसचा पोरगा तर निम्मा वेळ नुसता हो हो करतो, माझी पोरं बरी.)

आता तक्रार. ड्यूईचं १९१६ चं 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक कोर्सने नुसतं 'करून शिका' एवढ्यावर गुंडाळलंय. अहो तो तर म्हणतो नुसती हालचाल म्हणजे अनुभव नव्हे, आपण काय केलं आणि त्यातून काय झालं हे जोडता आलं पाहिजे. तो भागच गायब, त्यामुळे मातीकाम, चार्ट, काहीही चालतं असं वाटतं. आणि पाचव्या आठवड्यात फ्रेरे, विद्यार्थी म्हणजे बँकेचं खातं समजून त्यात माहिती भरू नका म्हणणारा, तो शिकवला कसा तर चाळीस स्लाइड्स आणि खाली दहा बहुपर्यायी प्रश्न! मी चर्चेच्या जागेत हे लिहिलं तर उत्तर आलं, 'धन्यवाद, क्विझ पूर्ण करा'.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर तिसरा आठवडा वही घेऊन दोनदा बघा, पाचवा दीडपट स्पीडवर सोडून द्या.